नाव नसलेला एसएमपीएस

प्रीबिल्ट, म्हणजे आधीच जोडून विकायला ठेवलेल्या, गेमिंग पीसीची जाहिरात आली की मी आधी त्यात काय लिहिलेलं नाहीये ते शोधते. प्रोसेसरचं नाव असतं, मोठ्या अक्षरात, ग्राफिक्स कार्डचं त्याहून मोठ्या, आणि मग खाली बारीक टायपात '१६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ५०० वॅट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट'. रॅम कुठल्या कंपनीची? एक स्टिक की दोन? सगळे पार्ट ज्यावर बसतात त्या मदरबोर्डचा तर उल्लेखच नाही, जणू प्रोसेसर हवेत लटकवलाय. एसएमपीएस, म्हणजे बाकी सगळ्यांना वीज पुरवणारा पार्ट, ५०० वॅटचा, पण बनवला कोणी, देव जाणे. ज्या पार्टचं नाव घेतलेलं नाही तिथे पैसे वाचवलेत असं सरळ धरून चालायचं.

या वेळची जाहिरात आली ती भाऊजींकडून, व्हॉट्सअ‍ॅपवर, रात्री उशिरा, सोबत 'हे कसं आहे बघ गं' एवढंच. ताई-भाऊजी ऐरोलीला राहतात, मी ठाण्यात घोडबंदर रोडला, आणि भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याला गेमिंग पीसी हवाय. घरात अर्थातच तो 'प्रोजेक्टसाठी' हवाय, मशीन लर्निंग, थ्रीडी रेंडरिंग वगैरे वगैरे, आणि आमच्या वेळी पण कॉम्प्युटर अभ्यासासाठीच यायचा नि त्यावर रात्री काय चालायचं ते सगळ्या घराला माहीत असायचं, त्यामुळे या परंपरेविरुद्ध मी चकार शब्द काढला नाही. ताईने फक्त एवढंच विचारलं की लॅपटॉप आहे ना त्याच्याकडे, मग हे कशाला. त्यावर बापलेक दोघंही गप्प, म्हणजे दोघांचं आधीच ठरलेलं होतं.

भाऊजी रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत परचेसला आहेत, त्यामुळे त्यांचा मुद्दा पक्का होता. एक वस्तू, एक बिल, एक व्हेंडर. क्रेडिट कार्डावर नो कॉस्ट ईएमआय. पोरगं म्हणतंय तसे आठ ठिकाणांहून आठ पार्ट आणायचे, घरात जोडत बसायचं, आणि चालू नाही झालं तर बोंब कोणाच्या नावाने मारायची? आठही जण म्हणणार आमचा माल ओके आहे, दुसऱ्याचा बघा.

हा प्रश्न चांगला आहे. मला विचाराल तर या सगळ्या वादातला खरा प्रश्न हाच, बाकी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) आणि बेंचमार्क नंतर. प्रीबिल्टमध्ये पार्टांपेक्षा वरचे जे पैसे जातात ते एका फोन नंबरचे असतात. स्वतः जोडलं की ते पैसे वाचतात आणि तो नंबर तुमचा होतो, मग रात्री दोन वाजता डिस्प्ले आला नाही तर कस्टमर केअर पण तुम्हीच आणि टेक्निशियन पण तुम्हीच. ज्याला यात मजा येते त्याने जोडावं, ज्याला कपाळावर आठ्या येतात त्याने विकत घ्यावं, इतकं सोपं आहे, पण घरात दोघंही एकाच छपराखाली असले की घोडं पेंड खातं.

आपल्याकडे हा वाद काही आजचा नाही. आधी त्याला 'ब्रँडेड की असेंबल्ड' म्हणायचे. आमच्या नौपाड्यातल्या घरी पहिला कॉम्प्युटर आला तो असेंबल्डच, पेन्टियम फोर, २५६ एमबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क, आणि तो जवळच्याच दुकानदाराने स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये तो अवजड मॉनिटर ठेवून आणला होता. बिघडला की त्यालाच फोन. तो यायचा, चहा प्यायचा, साइड पॅनल काढायचा, रॅम बाहेर काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासायचा, परत बसवायचा, आणि बहुतेक वेळा मशीन तेवढ्यानेच सुरू व्हायचं. बाबा व्हिजिटचे पैसे देताना दर वेळी म्हणायचे, खोडरबर तर आपल्याकडे पण आहे की. मग पुढच्या वेळी मी स्वतःच उघडलं, आणि तेव्हापासून आमच्या खानदानात हे खातं माझ्याकडे आहे.

तो कॉम्प्युटरवाला आता सीसीटीव्ही लावतो. त्याच्यासारखे बरेच जण तिकडेच गेले कारण घरोघरी लॅपटॉप आणि मोबाइल आल्यावर खोडरबराला गिऱ्हाईक राहिलं नाही. पण त्यांनी सुरू केलेली पद्धत टिकून आहे. पार्ट तुम्ही निवडा, दुकानदार जोडून देतो, कित्येक जण जोडणीचे वेगळे पैसे पण घेत नाहीत. परदेशी यूट्यूबवर हा सगळा वाद दोन पार्ट्यांचा वाटतो, एकतर बंद डबा घ्या नाहीतर स्क्रू ड्रायव्हर उचला, आणि आपली पोरं तेच बघून तसंच भांडतात, मधली ही सोय त्यांच्या गावीही नसते. मला कोणीही विचारल्यावर मी पहिलं हेच सांगते, की धास्ती वाटत असेल तर यादी स्वतः कर आणि जोडायला दुकानात दे. फक्त घरी आणल्यावर बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारी मदरबोर्डाची सेटिंग, उघडून बघ, कारण केबली बांधून, लायटिंग लावून, विंडोज टाकून देतात, पण रॅमचं एक्सएमपी, म्हणजे तिला पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करायचं राहूनच जातं आणि ३२०० च्या स्पीडचे पैसे मोजलेली रॅम २१३३ नाहीतर २४०० वर रांगत बसते. मालकाला वर्षानुवर्षं पत्ता नसतो.

तर भाऊजींची जाहिरात. प्रोसेसर रायझन ५ ५६००, कार्ड आरटीएक्स ५०६०, किंमत ऐंशी हजारांच्या आत, फोटोत समोरून अख्खी काच आणि आत तीन पंखे इंद्रधनुष्यासारखे झगमगणारे. मी त्यांना चार प्रश्न लिहून दिले आणि त्यांनी परचेसवाल्याच्या शिस्तीत दुकानाला रीतसर मेल टाकला. हे मला कधी सुचलं नसतं, मी फोन करून हुज्जत घालते. उत्तर आलं दुसऱ्या दिवशी. मदरबोर्ड ए५२०. रॅम १६ जीबीची एकच स्टिक. विंडोज 'इन्स्टॉल्ड', लायसन्सबद्दल मौन. आणि एसएमपीएसपुढे एकच शब्द, 'ब्रँडेड'.

वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात तो हा. एकेक बघू, कारण हे एका दुकानाचं नाही, असल्या बहुतेक डब्यांचं गणित हेच असतं.

रॅमच्या दोन स्टिक लावल्या की प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन रस्ते मिळतात, एक लावली की एकच. एकूण जीबी तेवढेच दिसतात, जाहिरातही खोटी ठरत नाही, पण गेममध्ये गर्दीचा सीन आला की फ्रेम घसरतात ते त्यामुळे. दुकानदार म्हणणार पुढे अपग्रेडला दुसरा स्लॉट मोकळा ठेवलाय, मुद्दाम. हे ऐकायला छानच वाटतं.

ए५२० चा मामला जरा बारीक आहे. आरटीएक्स ५०६० हे कार्ड मदरबोर्डशी सोळाऐवजी आठच लेननी, म्हणजे डेटा जायच्या-यायच्या रस्त्यांनी, बोलतं. कार्ड पीसीआयई ५ चं, म्हणजे या रस्त्यांच्या पाचव्या पिढीचं, त्यामुळे नव्या बोर्डावर आठ लेन पुरून उरतात, बी५५० सारख्या पीसीआयई ४ च्या बोर्डावरही काही अडत नाही. ए५२० मात्र पीसीआयई ३ वरच थांबतो. म्हणजे लेन आधीच अर्ध्या आणि त्यात प्रत्येक लेनचा वेगही बी५५० च्या निम्मा. कार्डाची मेमरी ८ जीबी, ती भरली की जादाचा माल याच रस्त्याने सिस्टिमच्या रॅममधून ये-जा करणार, आणि तिथे हे अंगावर येतं. दोन बोर्डांच्या किमतीत काही हजारांचा फरक असतो. कार्डाला तीस हजारांच्या आसपास मोजायचे आणि त्याचा रस्ता असा अडवून ठेवायचा, हे ज्याला मशीन वापरायचं आहे तो कधी करणार नाही, ज्याला विकायचं आहे तोच करेल, कारण मदरबोर्डाच्या नावावर डबा विकला जात नाही.

एसएमपीएसबद्दल मी जास्त बोलते असं घरात सगळे म्हणतात, पण बोलणारच. बाकी कुठलाही पार्ट मेला की एकटा मरतो. हलका एसएमपीएस मरताना बोर्ड, कार्ड, जे हाताला लागेल ते सोबत घेऊन जाऊ शकतो. आणि हा एकच पार्ट असा की तो चांगला असल्याचं स्क्रीनवर काहीच दिसत नाही, म्हणून काटछाट पहिली इथेच. ८० प्लस ब्राँझ, गोल्ड हे जे स्टिकर असतात ते कार्यक्षमतेचे आहेत, भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती वाया जाते एवढंच ते सांगतात, आतला माल किती टिकेल याची हमी त्यात नाही, तरी निदान कोणीतरी तपासलाय एवढं तरी कळतं. भाच्याच्या मशीनला पोटात खरं तर फार लागत नाही. ५०६० चे १४५ वॅट, प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातला, बाकी किडूकमिडूक. चांगल्या कंपनीचा ५५० चा पुरतो. पण नाव नसलेल्या एसएमपीएसवर ५०० लिहिलंय म्हणून तो तेवढे देईल असं नाही, आणि आमच्याकडे पावसाळ्यात लाईट जाते-येते तेव्हा तो काय करेल ते विचारूच नका.

बरं, मोठ्या कंपन्यांचे ब्रँडेड डेस्कटॉप घेतले तर हे सगळं चांगलं असतं का? वॉरंटी चांगली असते. माणूस घरी येतो. पण त्यातल्या काहींमध्ये मदरबोर्ड स्वतःच्याच आकाराचा, एसएमपीएसचे कनेक्टर स्वतःचेच, कॅबिनेटचे स्क्रूचे होल सुद्धा बाजारातल्या बोर्डाशी जुळत नाहीत. तीन वर्षांनी मोठं कार्ड टाकायचं म्हटलं की एसएमपीएस बदलावा लागतो, तो बसत नाही म्हणून बोर्ड, बोर्ड बसत नाही म्हणून कॅबिनेट. पदरी पडलं आणि पवित्र झालं.

एवढं सगळं ऐकून भाचा माझ्याकडे विजयी मुद्रेने बघायला लागला, तर त्यालाही जरा जमिनीवर आणलं. कारण स्वतः जोडलं की स्वस्त पडतं हे नेहमी खरं नसतं. २०२१ आठवून बघा. आरटीएक्स ३०६० फेब्रुवारीत आलं, कागदावर ३२९ डॉलरचं, आणि इथे पोरं दुपटीने पैसे द्यायला तयार होती तरी मिळत नव्हतं. लॉकडाउननंतरचा चिपचा तुटवडा एकीकडे, ग्राफिक्स कार्डांवर इथेरियम हे आभासी चलन कमावण्याचं मायनिंग दुसरीकडे. तेव्हा अख्खा प्रीबिल्ट घ्यायचा आणि त्यातलं कार्ड वापरायचं हा शहाणपणा होता, कारण सिस्टिम बनवणाऱ्यांना कार्डं ठोक मिळत होती आणि आपल्याला सुटं मिळत नव्हतं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगची पद्धतच बंद केली आणि मग तीच रगडलेली कार्डं सेकंडहँडच्या बाजारात स्वस्तात लोळायला लागली, तो वेगळा तमाशा.

आणि आता रॅम. २०२५ च्या शेवटाला हे जे सुरू झालंय ते मी आजवर कधी बघितलं नव्हतं. जगातली बहुतेक डीरॅम, म्हणजे रॅममधल्या मेमरी चिप, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि तिघींचं लक्ष एआयच्या डेटा सेंटरला लागणाऱ्या महागड्या मेमरीकडे वळलंय. ३ डिसेंबरला मायक्रॉनने तर जाहीरच केलं की क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा धंदा बंद करतोय. क्रुशियल! ज्या नावावर डोळे झाकून रॅम घ्यायचो ते. काही महिन्यांत नव्या पिढीच्या डीडीआर५ रॅमच्या किमती दुप्पट-तिप्पट झाल्या, मागोमाग जुनी डीडीआर४ पण चढली, एसएसडीही. ज्या दुकानदाराचं कोटेशन आठवडाभर चालायचं तो आता म्हणतो मॅडम, संध्याकाळपर्यंतचाच रेट आहे. ज्या सिस्टिमवाल्यांनी जुन्या भावात माल भरून ठेवलाय त्यांचा डबा अशा वेळी सुट्या पार्टांपेक्षा स्वस्त पडू शकतो, आणि मी भाऊजींच्या देखत बेरीज केली तेव्हा फरक जेमतेम दोन-चार हजारांचा निघाला. चांगला बोर्ड आणि चांगला एसएमपीएस धरला तर आपलीच यादी महाग. भाऊजी खुश. वादात जिंकल्यावर माणूस किती नम्र होऊ शकतो ते त्यांच्याकडून शिकावं, 'नाही, तुझं टेक्निकल बरोबरच आहे गं' म्हणाले.

सुटका केली ती माझ्या कपाटाने. मी गेल्या वर्षी, भाव चढायच्या आधी, माझं मशीन बदललं होतं, आणि जुन्यातल्या डीडीआर४ च्या दोन ८-८ जीबीच्या स्टिक आणि एक १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी अँटिस्टॅटिक पिशवीत पडून होती. स्वतः जोडण्याच्या बाजूने माझा खरा मुद्दा हाच आहे, आणि तो पहिल्या दिवशीच्या किमतीत कधीच दिसत नाही. एएम४ सॉकेटवर, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेवर, पहिलं रायझन २०१७ ला आलं आणि हे ५६०० थेट २०२२ चं, सॉकेट तेच. असेंबल्ड मशीन घरात सहसा संपत नाही. त्यातलं एकेक निघून दुसरीकडे लागत जातं, माझ्या बाबांच्या पत्ते आणि यूट्यूबच्या मशीनमध्ये अजून माझा जुना एसएमपीएस चालतोय. बेरजेतून रॅम आणि एसएसडी गेल्यावर यादी एकदम हलकी झाली आणि भाऊजींनी एका वाक्यात मान्यता दिली. 'पण बिल प्रत्येक गोष्टीचं पाहिजे.'

मग शनिवारी लॅमिंग्टन रोड. रविवारी गेलात तर शटरं बघून परत यावं लागतं. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर असलेल्या त्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव ग्राफिक्स कार्डवाल्यांनी जिवंत ठेवलंय. भाचा ऐरोलीहून ट्रान्सहार्बरने ठाण्याला आला, तिथून फास्टने दादर, पूल ओलांडून वेस्टर्नची स्लो, ग्रँट रोड. ऑनलाइनपेक्षा आता तिथे फार स्वस्त मिळतं असं काही राहिलेलं नाही, पण पोराला घेऊन जायचं होतं. दुकानाबाहेर खोकी इतकी रचलेली की फुटपाथवर तिरकं चालावं लागतं, आणि काउंटरवर सात-आठ जण एकाच माणसाकडे बघून वेगवेगळे भाव विचारतायत आणि तो माणूस कॅल्क्युलेटरवर आकडा टाकून न बोलता फिरवून दाखवतोय.

मी यादी पुढे केली. त्याने भाच्याकडे बघून विचारलं, 'बोर्ड मॅट एटीएक्स चालेल ना सर?' मी म्हटलं मायक्रो एटीएक्स म्हणताय ना, छोट्या आकाराचा, चालेल, बी५५० हवाय, मागे बायोस फ्लॅशचं बटण असलेला. मग तो माझ्याशी बोलायला लागला. हे दर वेळी असंच होतं, मला आता राग पण येत नाही, पूर्वी यायचा. बोर्ड हवा तो नव्हता. 'हा घ्या, सेम आहे.' खोक्यावर ए५२०. सेम आहे म्हणून सांगताना त्याच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. भाच्याने मात्र मी तोंड उघडायच्या आत लेनचा अख्खा हिशेब त्याला ऐकवला, घरी ऐकला होता तो, जसाच्या तसा, आणि त्या माणसाने पहिल्यांदाच हसून पोऱ्याला गोडाउनला पिटाळलं. पाच मिनिटांत बी५५० हजर.

प्रोसेसर घेताना बॉक्सचाच घ्यायचा हेही त्याला तिथेच शिकवलं. ट्रेचा, म्हणजे बॉक्सविना सुटा, थोडा स्वस्त असतो, पण त्यात कूलर नाही आणि वॉरंटी कंपनीची की दुकानदाराच्या शब्दाची ते धड कळत नाही. बिलाशिवाय कमी करून देतो हेही ऐकवलं गेलंच. १८ टक्के जीएसटी, नऊ-नऊ असा दोन ओळीत छापलेला बघितला की कोणाचाही हात थबकतो, मोह होतो. पण कार्ड, बोर्ड, प्रोसेसर या प्रत्येकावर साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते, चांगल्या एसएमपीएसवर पाच किंवा जास्त, आणि ती मागायला जाताना सिरियल नंबर आणि बिल एवढंच तुमच्या बाजूने बोलतं. कार्डाने पेमेंट केलं तर दोन टक्के वर म्हणाला, म्हणून यूपीआय केलं. कॅबिनेट आणि एसएमपीएस लोकलमधून आणायचा हट्ट केला नाही, ते वाशीला सेक्टर १७ मधून घेतलं. समोर काच नाही, जाळी. घोडबंदरला आमच्याकडे मेट्रो चारचं काम सुरू झाल्यापासून माझ्या मशीनच्या फिल्टरवर जो थर बसतो तो बघितलेल्या माणसाला समोर बंद काच आणि आत पंखे ही कल्पना सहनच होत नाही. पंखा हवा घेणार कुठून?

रविवारी ऐरोलीला डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून सुरुवात केली. मी ठरवून हात लावला नाही. खुर्चीत बसून सूचना. ताईने दोनदा विचारलं की जेवायचं कुठे, दोन्ही वेळा कोणी उत्तर दिलं नाही.

प्रोसेसर बसणं सगळ्यात सोपं. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवायचा, सोडायचा, तो आपोआप आत जातो, दाबायचा नाही. दाबावासा वाटला म्हणजे चुकीचा ठेवलाय. खरी गंमत कूलरला. या प्रोसेसरसोबत येणारा छोटा कूलर लावायला बोर्डावरचे प्लास्टिकचे दोन कंस आधी काढावे लागतात, आणि ते काढले की बोर्डाच्या मागची धातूची प्लेट मोकळी होते आणि पडते. चार स्क्रू वरून घालायचे ते याच प्लेटमध्ये. म्हणजे एकाने खालून प्लेट धरायची, दुसऱ्याने वरून स्क्रू फिरवायचा, एक इकडचा तर पुढचा तिरका समोरचा, एकेक थोडा थोडा, नाहीतर एक बाजू दबते आणि आधीच लावून आलेली पेस्ट वेडीवाकडी पसरते. तोवर भाऊजी पेपर वाचायचं सोंग करून सोफ्यावर होते. भाचा म्हणाला, 'बाबा, एक मिनिट खालून धरता का?'

ते आले ते पुढचे दोन तास उठलेच नाहीत. फ्रंट पॅनलच्या त्या मुंगीएवढ्या पिना, पॉवर स्विच, रिसेट, एलईडीचं प्लस-मायनस, चष्मा कपाळावर चढवून मॅन्युअलमधली आकृती त्यांनीच वाचून दाखवली. एसएसडीचा स्क्रू, तो तर स्क्रू म्हणायच्याही लायकीचा नसतो इतका छोटा, खाली पडला आणि तिघं मोबाइलच्या टॉर्चने फरशी शोधत होतो, सापडला ताईला. चोवीस पिनची केबल बसताना बोर्ड जरा वाकतो आणि पहिल्यांदा जोडणाऱ्याचा जीव तिथे खालीवर होतो, झालाच. मी म्हटलं दाब, टक् आवाज येईपर्यंत दाब.

चालू केलं. पंखे फिरले, लाइट लागले, स्क्रीन काळी. बोर्डाच्या कोपऱ्यात एक बारीक नारिंगी दिवा, शेजारी लिहिलेलं डीरॅम. भाऊजी माझ्याकडे बघतायत, तोंडाने काही नाही, पण 'आता कोणाला फोन करायचा' हे चेहऱ्यावर छापलेलं. भाच्याने मॅन्युअल उघडलं, चार अक्षरांसमोर दिलेला अर्थ वाचला, मशीन बंद केलं, मागचा स्विच बंद केला, दोन्ही स्टिक काढल्या. एक अर्धवट बसली होती, एका टोकाची खिट्टी लागली होती, दुसरीकडची नाही. प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट, परत दाबल्या, चार टक्. मी हळूच खोडरबर पुढे केलेला, तो लागलाच नाही. स्क्रीनवर बोर्डाच्या कंपनीचा लोगो आला, ताईने जेवायला बोलावलं, तरी कोणी उठेना, कारण एक्सएमपी चालू करायचं राहिलं होतं आणि ते करायचंच असं भाऊजींचं म्हणणं पडलं.

प्रीबिल्ट घ्यायला मी अजूनही लोकांना सांगते. आमच्या सोसायटीत एका कुटुंबाला मुलीच्या आर्किटेक्चरसाठी मशीन हवं होतं, घरात दोघंही दिवसभर बाहेर, वेळ नाही, इच्छा तर त्याहून नाही, त्यांना मी ऑनसाइट वॉरंटीवाला ब्रँडेड घ्यायला लावला आणि एकच अट सांगितली की दुकानाने प्रत्येक पार्टचं नाव आणि मॉडेल कोटेशनवर लिहून द्यायचं, एसएमपीएससकट. पहिल्या दुकानाने टाळाटाळ केली, दुसऱ्याने दिलं, त्यांनी दुसऱ्याकडून घेतला. जो लिहून देतो तो चार पैसे जास्त घेत असेल तर घेऊ दे.

भाच्याकडे पुढे एक खर्च निघाला तो यूपीएसचा. घरात होता तो जुना ६०० व्हीएचा, म्हणजे वॅटमध्ये ३६० च्या आसपास, तोही बॅटरी नवी असताना. गेम चालू असताना लाईट गेली की मशीन, मॉनिटर आणि राउटर मिळून त्याला झेपेना, बीप करायच्या आत सगळं बंद. मग ११०० व्हीएचा आणला. हे कुठल्याच बजेटमध्ये धरलेलं नव्हतं, ना माझ्या यादीत ना त्या डब्याच्या किमतीत, पण डबा घेतला असता तरी आणावा लागलाच असता. पैसे भाऊजींनी दिले, कुरकुर न करता, आणि संध्याकाळी मला एक एक्सेल शीट पाठवली. प्रत्येक पार्टची एक ओळ. कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, बिल नंबर, दुकान, वॉरंटी कधी संपते, संपायला महिना राहिला की ओळ आपोआप लाल. शेवटचा कॉलम 'संपर्क'. प्रोसेसर, बोर्ड, कार्ड सगळ्यांपुढे सर्व्हिस सेंटरचे नंबर व्यवस्थित भरलेले. रॅम आणि एसएसडीच्या ओळीत बिल नंबर रिकामा, वॉरंटी रिकामी, आणि संपर्कात माझा मोबाइल नंबर, पुढे कंसात 'मावशी, रविवारी उपलब्ध'.